चार दिवसांचे चौदा

भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या आधीच्या आठवड्यात खामगाव, मेहकर, चिखली, मलकापूर अशा बाजाराच्या कुठल्याही गावात मेडिकलमध्ये थोडा वेळ उभं राहिलं, की एक मागणी पुन्हा पुन्हा कानावर येते. नवरा येतो, कधी दीर येतो, कधी बाई स्वतःच पदर सावरत येते आणि आवाज खाली आणून ‘पाळी पुढं ढकलायची गोळी’ मागते. दुकानदार पट्टीतून हव्या तेवढ्या गोळ्या कात्रीनं कापून देतो. हे खरं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध, पण चिठ्ठी बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. पट्टी कापली की औषधाचं नाव अर्धं तुटतं आणि माहितीचा कागद खोक्यासोबत दुकानातच राहतो. नवरात्रात हेच, लग्नसराईत हेच, शेगावला पारायणाला जायचं ठरलं तरी हेच.

या गोळीत नॉरएथिस्टेरॉन नावाचं द्रव्य असतं. एक गोळी ५ मिलिग्रॅमची, दिवसाला तीन, म्हणजे १५ मिलिग्रॅम. हेच द्रव्य रोज ०.३५ मिलिग्रॅम घेतलं तर ती गर्भनिरोधक गोळी होते. अमेरिकेत ती १९७३ पासून वापरात आहे. भागाकार करून पाहिला तर सणासाठी पाळी ढकलणारी बाई गर्भनिरोधक मात्रेच्या जवळपास ४३ पट औषध रोज पोटात घेत असते. आणि त्याच घरात, त्याच बाईच्या तोंडून, ‘पोरं थांबवायच्या गोळ्या लय गरम पडतेत बाई, त्या नको’ असंही ऐकू येतं.

याला अज्ञान म्हणून मोकळं होणं सोपं आहे. सरकारी पत्रकांत अशा बोलण्याला ‘गैरसमज’ म्हणतात आणि त्याखाली खरं काय ते लिहितात. मला मात्र या दोन वागण्यांत एक पक्का हिशेब दिसतो. मोठ्या मात्रेची गोळी घराचं वेळापत्रक सांभाळते. लहान मात्रेची गोळी ते मोडते. एक गोळी चार दिवस रक्त थांबवून बाईला सोवळ्यात उभी करते, दुसरी नको त्या दिवशी डाग पाडून तिला बाजूला बसवते. औषधाचा त्रास किती हे आपण शरीरावरून मोजतो. बाई ते शरीर आणि घर दोन्हींवरून मोजते. तिचं मोजणं अधिक पूर्ण आहे, आणि आरोग्यव्यवस्थेनं ते शिकून घ्यायला हवं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी औषध समजून घेऊ. गर्भनिरोधक गोळ्या दोन जातींच्या. सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षं मिळणाऱ्या माला-एनमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन्ही संप्रेरकं असतात, म्हणजे ती जोडगोळी. दुसऱ्या जातीत एकटं प्रोजेस्टिन. आपल्याकडे खासगी दुकानांत मिळते ती बहुधा ७५ मायक्रोग्रॅम डेसोजेस्ट्रेलची. इस्ट्रोजेन नसल्यामुळे ही गोळी अंगावर पाजणाऱ्या आईला चालते, दूध कमी करत नाही. बीपी वाढलेलं असेल, डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी असेल, तरीही जोडगोळीपेक्षा ही बरी. सरकारनं २०१७ पासून ‘अंतरा’ नावानं मोफत द्यायला सुरुवात केलेलं तीन महिन्यांचं इंजेक्शन याच कुळातलं. त्यात १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असतं. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, टीव्हीवर जाहिरात होणारी गोळी म्हणजे दीड मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, तीही यांचीच बहीण. ‘छाया’ ही आठवड्याची गोळी तेवढी वेगळी. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधली, बाजारात ‘सहेली’ म्हणून आली, आणि तिच्यात यांतलं एकही संप्रेरक नाही. लोकांच्या तोंडी मात्र सगळ्यांना एकच नाव, ‘गोळ्या’. त्यामुळे एकीनं त्रास दिला की बदनामी सगळ्यांची होते.

ही एकट्या प्रोजेस्टिनची गोळी गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट करते, त्यातून शुक्रजंतू पुढे सरकत नाहीत. डेसोजेस्ट्रेल त्याशिवाय बहुतेक महिन्यांत बीज सुटणंच थांबवतं. वेळ पाळावी लागते. जुन्या प्रकारच्या गोळीला तीन तासांपेक्षा उशीर चालत नाही, डेसोजेस्ट्रेलला बारा तासांची सवड आहे. रोजच्या धबडग्यात विसरत-सांभाळत वापरणाऱ्या शंभर बायकांपैकी वर्षभरात साधारण सात जणींना दिवस राहतात.

आणि रक्त? नेहमीच्या पाळीत इस्ट्रोजेन गर्भाशयाच्या आतलं अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन ते धरून ठेवतं, मग दोन्ही एकदम उतरतात आणि अस्तर गळून बाहेर येतं. म्हणून तारीख असते, सुरुवात आणि शेवट असतो. रोज थोडं थोडं प्रोजेस्टिन मिळत राहिलं की हा चढ-उतार संपतो. अस्तर पातळ राहतं, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि आज इथे तर उद्या तिथे फुटतात. कुणाला आठ-दहा दिवस नुसते डाग लागतात, कुणाला थांबून थांबून महिनाभर, कुणाची पाळी लांबते, कुणाची पूर्ण बंद होते. अंतरा इंजेक्शन वर्षभर घेतलेल्या जवळपास निम्म्या जणींना पाळीच येत नाही. पुस्तकं सांगतात की यातलं काहीच धोक्याचं नाही. ते खरंही आहे. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. अशा ठिकाणी महिन्याचं रक्त जाणं कमी झालं तर तो फायदाच.

पण हे पुस्तक घेऊन घाट उतरून गावात यावं लागतं.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार. घाटाखाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद, संग्रामपूर. उन्हाळ्यात घाटावरच्या कित्येक गावांना टँकरची वाट पाहावी लागते. खाली खारपाणपट्ट्यात पाणी असतं पण खारं. आश्विनात सोयाबीनची सोंगणी दिवसभर चालते, शेतात आडोसा नसतो. अशा ठिकाणी चार दिवस कापड किंवा पॅड सांभाळणं कसंबसं जमवलेलं असतं. त्याचे चौदा दिवस झाले म्हणजे पाणी साडेतीनपट, पॅडचा खर्च साडेतीनपट, मजुरीच्या ठिकाणची कुचंबणा साडेतीनपट. त्यात धोका काही नाही, हे डॉक्टरांचं वाक्य या बाईला काय सांगतं?

मग घरातला नियम. तो सगळीकडे सारखा नाही, हे आधी म्हणायला हवं. कुठे फक्त देवघर बंद, कुठे चूल आणि पाण्याचा माठही, कुठे लोणच्याची बरणी, कुठे अंथरूण वेगळं. अनेक बौद्ध घरांनी देवघराबरोबर विटाळही सोडून दिला. ज्या घरात एकटीच करती-सवरती बाई आहे तिथे नियम आपोआप सैल होतो, कारण तिच्याशिवाय चूल पेटणार नाही. पण एकत्र कुटुंबात, सासू-जावांच्या घरात, नव्या सुनेवर तो पूर्ण चालतो. तिला पाळी आली की घराला कळतं, पाळी नाही आली तरी कळतं. तिच्या तारखा तिच्यापेक्षा सासूच्या जास्त लक्षात असतात.

आता अशा घरातल्या एखाद्या सुनेनं, पहिली मुलगी दीड वर्षाची असताना, दुसरं लेकरू थोडं थांबवावं म्हणून गुपचूप गोळी सुरू केली असं समजा. घरात नातवाची वाट पाहणं चालू आहे. तिसऱ्या आठवड्यात डाग सुरू झाले, थांबेनात. चारऐवजी चौदा दिवस बाजूला बसायची वेळ आली, तेव्हा सासूनं विचारलंच, ‘असं कसं गं, कायचं औषध घेतलं का?’ गोळीनं तिच्या शरीराला इजा केली नाही, तिचं गुपित फोडलं. उलट झालं, पाळी बंद झाली, तर घर पेढ्यांच्या तयारीला लागतं आणि पुढच्या महिन्यात हिशेब मागतं. ज्या बाईच्या रक्तावर घरातल्या इतरांची नजर आहे तिच्यासाठी अनियमित रक्तस्राव ही किरकोळ गोष्ट नाही. तिच्या निर्णयाला पांघरूण राहील की नाही, हे त्यावर ठरतं. दुष्परिणामांच्या यादीत पहिल्या ओळीला ‘सौम्य’ म्हणून लिहिलेला हा परिणाम तिच्या आयुष्यात सगळ्यांत जड असू शकतो.

पाळी बंद होण्याची भीतीही अशीच नीट ऐकायला हवी. ‘मैन्याचं रगत गेलं नाई तं पिशवीत साचते, डोक्यात चढते’ ही समजूत सगळीकडे आहे. तिच्यामागे शरीराविषयीचा एक विचार आहे: जे बाहेर पडायला हवं ते अडलं तर सडतं. यावर ‘असं काही नसतं’ एवढंच उत्तर दिलं तर कुणाचं समाधान होणार? तिला सांगायला हवं की या औषधावर अस्तर वाढतच नाही, म्हणून गळायला काही उरत नाही. आत साचायला काही तयारच झालेलं नाही. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं देणारी नर्सबाई ज्या उपकेंद्रात असते तिथली बाई दुसरं इंजेक्शन घ्यायला परत येते, असं या कामात मुरलेल्या कुणीही सांगेल.

मुसलमान घरांतली एक गोष्ट मला इथे फार मोलाची वाटते. इस्लामी धर्मशास्त्रात पाळीच्या रक्ताला हैज म्हणतात आणि पाळीव्यतिरिक्त येणाऱ्या रक्ताला इस्तिहाजा. हैजमध्ये नमाज-रोजा थांबतो. इस्तिहाजामध्ये थांबत नाही, वजू करून नमाज पढता येते. किती दिवसांपर्यंत हैज धरायचा यावर मतं आहेत, आणि डाग लागणाऱ्या बाईचा रमजानात गोंधळ होतो हेही खरं. तरी आजारानं वा अन्य कारणानं जाणारं रक्त वेगळं, हा भेद तिथे शास्त्रातच आहे. आपल्या हिंदू घरांतल्या रूढ विटाळात असा भेद सहसा कुणी करत नाही. डाग म्हणजे डाग, मग तो गोळीचा असो की पाळीचा.

या सगळ्याचा परिणाम कुटुंबनियोजनाच्या आकड्यांत दिसतो. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींनी ऑपरेशन केलेलं होतं. देशभर पाहिलं तर ऑपरेशन ३७.९ टक्के, गोळ्या ५.१, इंजेक्शन ०.६. आपल्याकडे लग्न लवकर, पाठोपाठ दोन लेकरं आणि पंचविशीच्या आत ‘ऑपरेशन झालं का?’ हा प्रश्न. मधल्या काळात, दोन बाळंतपणांमध्ये श्वास घ्यायला जागा देणाऱ्या ज्या पद्धती आहेत, गोळी, इंजेक्शन, तांबी, त्या बाई सुरू करते आणि तीन महिन्यांत सोडते. कागदावर ती ‘सोडून गेलेली’ म्हणून नोंदली जाते. ती का सोडून गेली हे फारसं कुणी विचारत नाही. आणि रक्ताच्या तक्रारींकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं की शेवटी काय होतं तेही आपण पाहिलं आहे. मराठवाड्यात, बीडमध्ये, ऊसतोडणीला जाणाऱ्या तेरा हजारांहून अधिक बायकांनी पिशवी काढून टाकल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. त्यामागे कामाचा खाडा झाला की मुकादम लावत असलेला दंड होता, खासगी दवाखान्यांचं अर्थकारण होतं, आणि ‘कटकट नको’ असं बाईला स्वतःला वाटावं इतकी वर्षं तिचं दुखणं कुणी न ऐकणंही होतं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला तेव्हा ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग आढळला होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. विदर्भातूनच जगाला गेलेला हा आकडा विदर्भात विसरला जाऊ नये.

बायकांनी सांगितलेला त्रास मनाचा खेळ ठरवण्याची रीत या गोळीइतकीच जुनी आहे. संततिनियमनाचा झेंडा घेऊन जगभर फिरणाऱ्या मार्गारेट सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी संयमाचा मार्ग सांगितला, त्यांना साधनं हवी होती, पटलं नाही. याच बाईंनी पुढे अमेरिकेत ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाला गोळीच्या संशोधनासाठी पैसा मिळवून दिला. नॉरएथिस्टेरॉन तोवर तयार झालं होतं. १९५१ च्या ऑक्टोबरात मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्सच्या प्रयोगशाळेत कार्ल जेरासी यांच्या चमूतल्या लुइस मिरामोंतेस या तरुणानं ते बनवलं. नॉरएथिस्टेरॉनच्या सख्ख्या नात्यातलं दुसरं द्रव्य घेऊन १९५६ मध्ये प्वेर्तो रिको बेटावरच्या गरीब वस्त्यांमधल्या बायकांवर पहिली मोठी चाचणी झाली. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं की १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते आहे, हे प्रमाण फार आहे. पिंकसच्या बाजूनं त्यातलं बरंचसं मानसिक धरलं गेलं आणि काम पुढे गेलं.

१९७० मध्ये अमेरिकी सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी गोळीच्या धोक्यांवर सुनावण्या घेतल्या. साक्षीला तज्ज्ञ होते, गोळी घेणारी एकही बाई नव्हती. तेव्हा प्रेक्षकांतल्या तरुण मुली उठून उभ्या राहिल्या आणि आम्हाला का विचारत नाही असं म्हणाल्या. त्या गोंधळातून गोळीच्या पाकिटात बाईला वाचता येईल असा कागद घालण्याचा नियम आला. इतक्या भांडणानं मिळालेला तो कागद आपल्याकडे बहुधा इंग्रजीत असतो.

भारतातही हे भांडण झालं, आणि तेही याच द्रव्यावरून. १९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पाटनचेरू इथे नॉरएथिस्टेरॉनच्याच इंजेक्शनची, नेट-एनची चाचणी चालू होती. आलेल्या बायकांना हा प्रयोग आहे हे नीट सांगितलेलं नव्हतं. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथे पोचल्या, त्यांनी बायकांना माहिती दिली, आणि १९८६ मध्ये ‘सहेली’ आदी संघटनांसह सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पुढे डेपो-प्रोव्हेराला, म्हणजे ‘अंतरा’मधल्याच मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या इंजेक्शनला, १९९३ मध्ये खासगी बाजारात परवानगी मिळाली, पण सरकारी कार्यक्रमात यायला त्याला २०१७ उजाडलं. या विरोधाला आज कुणी विज्ञानविरोधी म्हणतं. मला तसं वाटत नाही. जिथे रक्तदाब मोजायला यंत्र आहे की नाही याची खात्री नव्हती आणि ऑपरेशनचे कोटे भरले जात होते, तिथे एकदा टोचलं की तीन महिने परत न काढता येणारं औषध देऊ नका, ही मागणी रास्त होती. त्याचबरोबर हेही म्हणायला हवं की ज्या बाईला गोळी लपवायला जागा नाही, तिच्यासाठी कुणाला न दिसणारं इंजेक्शन मोठा आधार आहे. तो तिला नाकारण्याचा हक्क आपल्याला नाही, कार्यकर्त्यांनाही नाही. तिला आधी सगळं सांगितलं पाहिजे, एवढीच अट.

सगळं म्हणजे काय? रक्ताखेरीज डोकेदुखी, छाती दुखरी होणं, मुरुमं, मन उदास होणं, इच्छा कमी होणं हे काहींना होतं, काहींना मुळीच नाही. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये असं दिसलं, की प्रोजेस्टिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये नैराश्याचं औषध पहिल्यांदा सुरू होण्याचं प्रमाण साधारण एक-तृतीयांशानं जास्त होतं. स्तनाच्या कर्करोगाचं २०२३ चं ऑक्सफर्डचं काम सांगतं की ही गोळी घेणाऱ्यांत धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो, जोडगोळीइतकाच. ‘३० टक्के’ ऐकून कुणाचंही धाबं दणाणेल. म्हणून दुसरा आकडा शेजारी ठेवायलाच हवा. संपन्न देशांत पाच वर्षं अशा गोळ्या घेतलेल्या स्त्रियांत, पुढच्या पंधरा वर्षांत लाखामागे जादा रुग्ण सोळा ते वीस वयात ८, आणि पस्तीस ते एकोणचाळीस वयात २६५. म्हणजे वयानं चित्र बदलतं. इंजेक्शनचे प्रश्न वेगळे: वापर चालू असताना हाडं थोडी विरळ होतात, बंद केल्यावर बहुतांशी भरून येतात, शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी नऊ-दहा महिने जाऊ शकतात, वजन वाढू शकतं. २०२४ मध्ये फ्रान्समधून आलेल्या अभ्यासात, वर्षाहून अधिक काळ हे इंजेक्शन घेतलेल्यांत मेंदूच्या आवरणाच्या एका सहसा कर्करोग नसलेल्या गाठीसाठी ऑपरेशन लागण्याचा धोका पाचपटींहून अधिक दिसला. ती गाठ मुळात विरळा, त्यामुळे एकेकीच्या वाट्याचा धोका लहानच राहतो; पण वर्षानुवर्षं इंजेक्शन घेणाऱ्या बाईला हे माहीत असण्याचा हक्क आहे.

आपल्या जिल्ह्यात याहून रोजच्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. क्षयरोगाच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं आणि फिटच्या काही गोळ्याही तशाच. त्या प्रोजेस्टिनच्या गोळीचा असर कमी करतात. टीबीचा कोर्स चालू असलेल्या बाईला ही गोळी देणं म्हणजे तिला फसवणं. दुसरी, गोळी चालू असताना दिवस राहिलेच तर गर्भ नळीत असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त. पाळी चुकली आणि ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली तर घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना. आणि सणासाठीच्या त्या मोठ्या गोळीबद्दलही सांगायला हवं: तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेल्या बाईनं ती विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि मात्रा ४३ पट असली तरी अशा चार-आठ दिवसांच्या वापरानं गर्भ राहणं थांबतं असं कुणी धरू नये. जिला सध्या गोळी मानवते आहे तिनं हे वाचून ती एकदम सोडण्याचं मात्र कारण नाही.

२०२४ संपता संपता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस पुंजक्यांनी गळायला लागले. पाण्याचे नमुने गेले, रक्ताचे गेले, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचं पथक आलं, वाहिन्यांचे कॅमेरे आले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. हे सगळं व्हायलाच हवं होतं, आणि झालं याचा आनंद आहे. पण त्यातून एक कळतं: दिसणारा त्रास, बाप्यांनाही होणारा त्रास, आठवड्याभरात राष्ट्रीय प्रश्न होऊ शकतो. त्याच तालुक्यातली एखादी बाई दुसऱ्या इंजेक्शननंतर वीस दिवस डाग लागतात म्हणून सांगायला येते, तेव्हा ते किती जणींना झालं, किती दिवस टिकलं, घरात काय झालं, याचा जिल्ह्याला काही पत्ता असतो का? आशाताईंकडे मोबाइल आहे, रजिस्टर आहे, गावातल्या प्रत्येक पोटुशीची तारीख आहे. तीन महिन्यांनी एकदा तीन प्रश्न विचारून लिहून ठेवणं त्यांच्यासाठी अवघड नाही, त्याचा मोबदला त्यांना मिळत असेल तर. डागांवर उपायही आहेत. काही दिवसांची साधी वेदनाशामक गोळी थोडा आराम देते, कधी डॉक्टर प्रकार बदलून देतात, कधी नुसतं तीन महिने थांबल्यावर आपोआप कमी होतं. यातलं काहीच चालेना तर तांबी आहे, छाया आहे, निरोध आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, आणि १९३८ च्या १० नोव्हेंबरला मुंबईच्या विधानसभेत पी. जे. रोहम यांनी डॉ. आंबेडकरांनी तयार केलेलं संततिनियमनाच्या बाजूचं भाषण वाचलं. ठराव पडला. कर्वे आणि आंबेडकर या दोघांच्याही मांडणीत मूल किती आणि कधी हे ठरवण्यात बाईच्या वेदनेला स्थान होतं. पुढे कार्यक्रम सरकारी झाला आणि लोकसंख्येचा आकडा वर येऊन बसला. वेदना तळटिपेत गेली.

एक पेच उरतो आणि तो मला बराच काळ छळतो आहे. गावातल्या नर्सबाईनं घरी जाऊन सासूला सांगावं का, की ‘हे डाग पाळीचे नाहीत, औषधाचे आहेत, हिला बाजूला बसवायचं कारण नाही’? सांगितलं तर सून चुलीपाशी परत येते, गोळी चालू राहते. पण मग पाळीच्या चार दिवसांचा विटाळ मात्र खरा, असं आरोग्य खात्याच्या तोंडून कबूल केल्यासारखं होतं. मला तो विटाळ मान्य नाही. कुठल्याच रक्तानं बाई अपवित्र होत नाही. तरीही माझं उत्तर असं आहे की सांगावं, सुनेनं होकार दिला असेल तर. रूढी मोडायची लढाई तिनं एकटीनं, तान्हं मूल मांडीवर घेऊन, आजच लढावी अशी अपेक्षा करायला आपण कोण? जिला गुपित ठेवायचं आहे तिच्या घरी पाऊलही टाकू नये, तिला उपकेंद्रातच बोलावून घ्यावं, लसीकरणाच्या दिवशी, म्हणजे कुणाला संशय येणार नाही. बोलणं झालं की पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या, तांबीची माहिती आणि नवऱ्यासाठी निरोधचं पाकीट तिच्यासमोर ठेवावं. त्यातलं काय उचलायचं, की काहीच नाही, ते तिचं ती ठरवेल.